तळहाताएवढा संगणक : जोडणी, तक्रारी आणि इलाज



गेल्या काही महिन्यांत मोआदोनमध्ये आणि फोनवर आम्हांला एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडून ऐकायला मिळाला. "नातवाने एक चिमुकला संगणक आणून टीव्हीला लावून दिला. दोन आठवडे छान चालला. आता पडदा काळा. नातू सैन्यात, कोणत्या शब्बातला घरी येईल ठाऊक नाही. तोवर काय करायचे?"

नातू येण्यापूर्वी आपल्याला घरच्या घरी काय करता येईल, ते या लेखात सांगायचे आहे. त्यासाठी इंजिनियर असावे लागत नाही. क्रम पाळावा लागतो आणि धीर ठेवावा लागतो. शाळेत असताना आपण विज्ञानाच्या प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे रकाने लिहीत असू. तोच क्रम आम्ही इथे ठेवला आहे.

हे यंत्र आहे तरी काय?

नेहमीच्या संगणकाचा मेंदू, स्मरणशक्ती, टीव्हीची आणि कळफलकाची जोडणी हे सारे एकाच हिरव्या पाटीवर बसवले की त्याला 'सिंगल बोर्ड कॉम्प्युटर' म्हणतात. आपण त्याला एकपाटी संगणक म्हणू. आकाराने तो आपल्या खिशातल्या तेऊदात झेहूतपेक्षा किंचित रुंद, एवढाच. असे संगणक अनेक कंपन्या बनवतात, पण आपल्या घरांत आलेला बहुधा 'रास्पबेरी पाय' असतो, म्हणून त्याच्याबद्दलच बोलू. यातला 'पाय' म्हणजे आपला चालायचा पाय नव्हे. 'पायथन' नावाची संगणकाची एक भाषा आहे, तिच्यावरून तो शब्द घेतला. रास्पबेरी हे फळ. संगणक कंपन्यांना फळांची नावे देण्याची जुनी पद्धत आहे, तीच इथे पाळली.

इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात एबेन अप्टन आणि त्यांचे सहकारी शिकवत होते. संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांना संगणक वापरता येतो, पण त्याच्याकडून काम करून घेण्याची भाषा येत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. मुलांनी निर्धास्तपणे खोलून पाहावा, बिघडला तरी घरात रडारड होऊ नये, इतका स्वस्त संगणक त्यांनी बनवायचे ठरवले. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिली पाटी विक्रीला आली, किंमत ३५ डॉलर. पुढे २०१९ मध्ये पाय-४ आला आणि २०२३ मध्ये पाय-५. मधे २०२० मध्ये पाय-४०० निघाला. त्यात सगळा संगणक कळफलकाच्या पोटातच बसवलेला आहे. आमच्या वयाच्या मंडळींना आम्ही हाच सुचवतो, कारण उघडी पाटी हाताळावी लागत नाही आणि वायरींचा गुंता कमी होतो.

म्हणजे मुळात ही मुलांची पाटी. पुसा, पुन्हा लिहा. ती बिघडेल म्हणून भिऊ नका. भीती बाळगायची ती वेगळ्याच गोष्टीची. ती शेवटी सांगू.

साहित्य

पाटीखेरीज पाच वस्तू लागतात.

१. वीज देणारा अडॅप्टर. पाय-४ आणि पाय-४०० यांना ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. पाय-५ ला ५.१ व्होल्ट, ५ अँपिअर. जुन्या पाय-३ ला २.५ अँपिअर पुरतात. हे आकडे अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेले असतात. भिंग घेऊन वाचा, पण वाचाच.

२. मायक्रोएसडी कार्ड. बोटाच्या नखाएवढे. संगणकाची सारी अक्कल यावर असते. ३२ जीबीचे घ्यावे, नावाजलेल्या कंपनीचे आणि ओळखीच्या दुकानातून. बाजारात नकली कार्डे पुष्कळ. वर लिहिलेले ६४ आणि आत जागा त्याच्या चौथाई, असेही असते.

३. टीव्हीला जोडायची एचडीएमआय केबल. पाय-४, पाय-४०० आणि पाय-५ यांच्या बाजूचे टोक लहान असते, त्याला मायक्रो एचडीएमआय म्हणतात. टीव्हीच्या बाजूचे टोक नेहमीचे.

४. कळफलक आणि माऊस. प्रथम जोडताना वायरचे घ्यावेत, बिनवायरचे नंतर.

५. झाकणाची पेटी, हवा खेळती राहील अशी. पाटी उघडी ठेवून तिच्याखाली स्टीलचा ट्रे किंवा चांदीचा कागद घालू नये. धातूवर पाटी चालू केली तर शॉर्टसर्किट होऊन ती खरोखरच जळू शकते.

कृती

पहिले काम कार्ड तयार करण्याचे. ते दुसऱ्या संगणकावर करतात, घरचा लॅपटॉप किंवा मोआदोनमधला संगणक चालेल. 'रास्पबेरी पाय इमेजर' नावाचा फुकट प्रोग्राम मिळतो. तो तीन गोष्टी विचारतो: पाटी कोणती, प्रणाली कोणती आणि कशावर लिहायचे. पाटीचे नाव पाटीवरच छापलेले असते. प्रणालीत 'रास्पबेरी पाय ओएस' ही यादीत वर असलेली निवडावी.

तिसऱ्या प्रश्नाला थांबा. निवडलेल्या कार्डावर पूर्वीचे जे असेल ते सगळे पुसले जाते. लॅपटॉपला त्याच वेळी फोटोंची डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावलेला असेल आणि चुकून तो निवडला, तर लग्नापासूनचे फोटो गेले. म्हणून आमचा नियम असा: इमेजर उघडण्यापूर्वी बाकी सगळे पेनड्राइव्ह आणि डिस्का काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायच्या.

लिहिण्यापूर्वी इमेजर नाव, पासवर्ड, वायफायचे नाव, देश आणि कळफलकाचा प्रकार विचारतो. हे इथेच भरले की पुढचे निम्मे श्रम वाचतात. देश इस्राएल. कळफलक 'यूएस', म्हणजे अमेरिकन. पासवर्ड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराच्या आत चिकटवावा. पूर्वी प्रत्येक पाटीला तयार नाव आणि पासवर्ड असे. ते सगळ्या जगाला ठाऊक झाले म्हणून २०२२ पासून काढून टाकले. तेव्हा कुणी जुन्या पुस्तकातून वाचून पासवर्ड सांगितला, तर तो आता लागणार नाही.

कार्ड लिहून झाल्यावर विंडोज संगणक कधी कधी विचारतो, "हे कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करू का?" उत्तर: नाही. कार्डात काही दोष नसतो. त्यावरचा एक भाग विंडोजला न समजणाऱ्या लिपीत लिहिलेला असतो, एवढेच. होय म्हणालात तर लिहिलेले सारे पुसले जाईल.

आता जोडणी. कार्ड खाचेत हलके सरकवा. ते एकाच बाजूने जाते, जोर लावू नका. मग कळफलक, माऊस आणि एचडीएमआय. पाय-४ वर एचडीएमआयची दोन भोके आहेत. विजेच्या भोकाला लागून असलेले वापरा. टीव्ही आधी चालू करा, त्यावर बरोबर इनपुट निवडा आणि सगळ्यात शेवटी वीज द्या. वीज शेवटी, हा क्रम पाठ करून ठेवावा.

पहिल्या खेपेस इंद्रधनुष्यासारखा रंगीत चौकोन दिसतो, मग काही अक्षरे धावतात आणि चित्र येते. पहिल्यांदा काही मिनिटे लागतात. तो स्वतःच एकदा बंद होऊन पुन्हा चालू झाला तरी घाबरू नये.

बंद करण्याची रीत

हा भाग सर्वांत महत्त्वाचा. टीव्ही बंद करतो तसा हा संगणक प्लग ओढून बंद करायचा नसतो. तो मधून मधून कार्डावर काही लिहीत असतो, आपण काही करत नसलो तरी. लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट लिहिलेले पान फाटल्यासारखे होते. एकदा निभावते, दोनदा निभावते, तिसऱ्यांदा संगणक उठतच नाही.

बरोबर रीत अशी: वर डाव्या कोपऱ्यातल्या रास्पबेरीच्या चित्रावर टिचकी, तळाशी 'शटडाउन' किंवा 'लॉगआउट', मग पुन्हा 'शटडाउन'. पडदा काळा झाला की पाटीवरचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वाट पाहा. शंभरपर्यंत मोजा म्हटले तरी चालेल. मग प्लग काढा. पाय-५ वर एक छोटे बटण असते. ते दोनदा लागोपाठ दाबले तरी तो रीतसर बंद होतो.

आपल्या घरांत यात एक खास अडचण येते ती 'शेओन शब्बात'ची. शुक्रवारी दिवे आणि प्लाता यांच्याबरोबर टीव्हीची पट्टीही त्या घड्याळावर असते आणि त्याच पट्टीत हा संगणकही खोचलेला असतो. रात्री अकराला घड्याळ टिक् करते आणि संगणकाची वीज तोडते. दर आठवड्याला प्लग ओढल्यासारखेच झाले. वर्षभरात बावन्न वेळा! ज्यांचे कार्ड 'आपोआप' बिघडते, त्यांनी आधी हे पाहावे. शुक्रवारी मेणबत्त्या लावण्यापूर्वी संगणक रीतसर बंद करावा, नाहीतर घड्याळ नसलेल्या वेगळ्या प्लगवर ठेवून चालूच राहू द्यावा. वीज तो फार खात नाही. पाय-४ नुसता चालू असताना तीन-चार वॅट घेतो, एका लहान एलईडी दिव्याइतके.

हिवाळ्यात दूद, हीटर आणि ओव्हन एकदम चालू झाले की घरातले मुख्य बटण खटकन पडते. त्या झटक्यानेही कार्डाला हीच इजा होते. त्या दिवसांत काम झाले की संगणक बंद करून ठेवणे शहाणपणाचे.

निरीक्षण : तक्रार कशी शोधावी

इथे एकच नियम आहे, आणि तो वर्गात प्रयोग करताना होता तोच. एका वेळी एकच गोष्ट बदला. अडॅप्टर, केबल आणि कार्ड तिन्ही एकदम बदलले आणि संगणक चालू झाला, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. शेजारी एक कागद ठेवा. काय बदलले आणि काय दिसले, ते लिहा. नातवाला फोनवर सांगायलाही हाच कागद उपयोगी पडतो. "चालत नाही" एवढे सांगितले तर त्याला काही करता येत नाही. "लाल दिवा लागतो, हिरवा लागत नाही" म्हटले की तो तिथूनच इलाज सांगतो.

आमच्याकडे आलेल्या तक्रारींत पाटी स्वतः बिघडली असे क्वचितच निघाले. दोष असायचा वीज, कार्ड किंवा केबल यांत. म्हणून शोधही त्याच क्रमाने घ्यावा.

दिवा लागतच नाही. वीज पोचत नाही. भिंतीतल्या त्याच प्लगमध्ये टेबललॅम्प लावून पाहा. तो लागला तर दोष अडॅप्टरमध्ये किंवा त्याच्या वायरीत.

लाल दिवा आहे, हिरवा लुकलुकत नाही, पडदा काळा. संगणकाला कार्ड वाचता येत नाही. वीज काढा, कार्ड बाहेर काढून कोरड्या मऊ कापडाने पुसा, पुन्हा नीट बसवा. तरी तसेच असेल, तर कार्ड बाहेर ठेवूनच वीज द्या. बहुतेक पाय-४, पाय-४०० आणि पाय-५ वर मग पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा एक फलक येतो. तो आला म्हणजे पाटी, वीज, केबल, टीव्ही सगळे ठीक आहे आणि दोष फक्त कार्डात आहे. एका मिनिटाची ही परीक्षा आम्ही सर्वांना शिकवतो.

हिरवा दिवा मोजून लुकलुकतो. लुकलुकून थांबतो, पुन्हा तितक्याच वेळा लुकलुकतो. ही पाटीची बोली आहे. पाय-४ वर चार वेळा किंवा सात वेळा लुकलुकला तर सुरू होण्यासाठी लागणारी फाइल कार्डावर सापडत नाही, असा अर्थ. कार्ड पुन्हा लिहावे. जुन्या पाटीचे कार्ड नव्या पाटीत घातले तरी हे होऊ शकते. पाय-५ ला २०२३ च्या शेवटी निघालेली किंवा त्यानंतरची प्रणालीच लागते.

रंगीत चौकोनावर अडकतो. पाटी जागी झाली, पण पुढचा धडा सापडला नाही. इलाज वरचाच, म्हणजे कार्ड पुन्हा लिहा.

सगळे दिवे ठीक, तरी पडदा काळा. टीव्हीचे इनपुट तपासा. केबल दुसऱ्या भोकात आहे का पाहा. मग टीव्ही आधी आणि संगणक नंतर, या क्रमाने पुन्हा सुरू करा.

वर उजव्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते, किंवा 'लो व्होल्टेज' अशी सूचना येते. याकडे दुर्लक्ष करू नका. पाटीला ५ व्होल्ट हवेत. ते ४.६३ च्या खाली गेले की ती अशी हाक मारते. कारण बहुधा फोनचा चार्जर, किंवा लांब आणि बारीक वायर. नळाला पाणी भरपूर असले तरी बारीक लांब नळीतून धार कमी येते, तसेच हे. मग संगणक अडखळतो, मधेच बंद पडतो, कार्डही खराब करतो. ठरलेला अडॅप्टर आणला की अर्धी दुखणी जातात. मोठी डिस्क लावल्यावरच ही सूचना येत असेल, तर डिस्कला स्वतःची वीज असलेली यूएसबी पट्टी घ्यावी. पाय-५ ला ३ अँपिअरचा अडॅप्टर लावला, तर तो चालतो पण यूएसबीला वीज कमी देतो आणि डिस्क उठत नाही.

फार तापतो आणि रेंगाळतो. आतले तापमान ८० अंशांवर गेले की तो जळू नये म्हणून स्वतःच चाल मंद करतो. दिमोना किंवा बेर शेवात शराव सुटलेल्या दिवशी, टीव्हीच्या मागे बंद पेटीत, हे सहज घडते. त्याला मोकळ्या जागी ठेवा. पाय-५ ला पंखा हवाच.

वायफाय लागत नाही. प्रथम पाहा, देश 'इस्राएल' निवडला आहे का. देश न सांगितल्यास वायफाय बंदच राहते. दुसरे कारण भिंती. ममादच्या भिंती जाड काँक्रीटच्या आणि आत लोखंड भरलेल्या, त्यांतून वायफाय नीट शिरत नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी संगणकाचे टेबल ममादमध्येच मांडले आहे, म्हणून सांगतो. संगणक एकदा राउटरजवळ आणून पाहा. तिथे लागले तर दोष भिंतीचा. मग लांब केबल ओढावी.

पासवर्ड चुकतो म्हणतो. काळ्या खिडकीत पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. तो बिघाड नव्हे. टाइप करून एंटर दाबा. ई-मेलमधले ॲट चिन्ह दाबल्यावर अवतरणचिन्ह उमटत असेल, तर कळफलक ब्रिटिश पद्धतीवर राहिला आहे. ही पाटी इंग्लंडची, तिची मूळ सवय ती. प्रेफरन्सेसमध्ये कळफलक 'यूएस' करा. पासवर्डात असे चिन्ह असेल, तर सारा घोटाळा एवढ्यानेच होतो.

आवाज येत नाही. वर उजवीकडच्या कर्ण्याच्या चित्रावर माऊसची उजवी कळ दाबा आणि एचडीएमआय निवडा. पाय-४ ला हेडफोनचे भोक आहे, पाय-४०० आणि पाय-५ ला नाही. ते शोधत बसू नका.

मराठीच्या जागी चौकोन दिसतात. चित्रपटगीतांची यादी उघडली आणि नुसते रिकामे डबे दिसले, तर देवनागरी अक्षरांचा संच बसवलेला नाही. 'ॲड-रिमूव्ह सॉफ्टवेअर' उघडून 'देवनागरी' हा शब्द इंग्रजी अक्षरांत शोधा आणि 'नोटो' किंवा 'लोहित' नावाचा संच बसवा. संगणक पुन्हा सुरू केला की मराठी दिसते. मराठी टंकलेखन हा वेगळा विषय आहे.

लिहिलेले टिकत नाही. फाइल ठेवली, संगणक बंद करून चालू केला, तर फाइल गायब. किंवा 'रीड ओन्ली' असे शब्द दिसतात. कार्ड म्हातारे झाल्याचे हे लक्षण. कार्डावर किती वेळा लिहिता येते याला मर्यादा असते. ती संपत आली की काही कार्डे फक्त वाचू देतात, लिहू देत नाहीत. हे दिसले की त्याच दिवशी आतले सारे दुसरीकडे उतरवून घ्या. उद्या नाही, आज.

कॅसेटींचे काम

आता ज्यासाठी हा सारा खटाटोप, त्याबद्दल. पेसाखच्या साफसफाईत कपाटाच्या वरच्या फळीवरून कॅसेटींचा डबा निघतो. कुणाकडे रेवदंड्याच्या किंवा पनवेलच्या आजीने पत्राऐवजी भरून पाठवलेली कॅसेट असते, कुणाकडे मराठी कीर्तन, कुणाकडे मलिद्याच्या वेळी एलियाहू हन्नाबीचे गाणे म्हणणारा वडिलांचा आवाज. ती माणसे गेली. ती मराठी बोलणारे घरात आता आपण एकटेच. नातवंडे हिब्रूत वाढली. फीत मात्र वर्षानुवर्षे झिजते आहे.

हा चिमुकला संगणक त्या कामाला पुरेसा आहे. त्याला आवाज आत घेण्याचे भोक नाही, म्हणून यूएसबीचे एक छोटे साउंड कार्ड घ्यावे, 'लाइन इन' असलेले. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर त्यात जोडायची आणि 'ऑडॅसिटी' हा फुकट प्रोग्राम वापरायचा. कॅसेट लावण्यापूर्वी तिच्या मागच्या कडेची प्लास्टिकची दोन चिमुकली पाने मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे गुंडाळा, चिकटलेली फीत मोकळी होते. आवाजाची पट्टी लाल रेषेला लागू देऊ नका, तिथे आवाज फाटतो आणि तो नंतर शिवता येत नाही. एका तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो. त्याला आडवाट नाही. खुर्ची ओढून ऐकत बसावे.

जागेचे गणित सोपे आहे. चांगल्या दर्जाचा आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी घेतो. साठ मिनिटांच्या कॅसेटला ६०० एमबीच्या थोडे वर. म्हणजे ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर नव्वदएक कॅसेटी आरामात मावतात. फाइलला 'कॅसेट १' असे नाव देऊ नका. आजीचे नाव, गाव आणि अंदाजे वर्ष घाला. तीस वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्याला आवाज ओळखता येणार नाही.

अनुमान

सुरुवातीला म्हटले होते की भीती वेगळ्या गोष्टीची बाळगावी. ती ही. गेल्या हिवाळ्यात आमच्या ओळखीच्या एका बाईंनी आईच्या अकरा कॅसेटी मोठ्या कष्टाने संगणकात उतरवल्या आणि मूळ कॅसेटी टाकून दिल्या. सारे त्या एका कार्डावर होते. वीज दोन-तीनदा पडली आणि कार्ड गेले. पाटी शाबूत होती. नवे कार्ड घालून संगणक त्याच संध्याकाळी सुरू झाला, टीव्हीवर चित्र आले. आईचा आवाज मात्र आला नाही.

पाटी पुन्हा विकत मिळते, कार्ड मिळते, अडॅप्टर मिळतो. म्हणून प्रती कराव्यात. जाणकार तीन, दोन, एक असा नियम सांगतात: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी. आपल्याला हे असे जमेल: एक प्रत पेनड्राइव्हवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक लोदच्या किंवा अश्दोदच्या बहिणीकडे. एक प्रत दुसऱ्या गावी का असावी, हे या देशात राहणाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. संगणकाच्या कार्डावर जे असेल ते या तिघांत धरू नये. सगळे कार्ड जसेच्या तसे उतरवायचे असेल, तर ॲक्सेसरीजमध्ये 'एसडी कार्ड कॉपियर' नावाचा प्रोग्राम आहे. दुसरे कार्ड यूएसबीच्या रीडरमध्ये घालून तो चालवला की हुबेहूब जुळे कार्ड तयार होते. पहिले गेले की दुसरे घालायचे आणि पुढे चालायचे. हे जुळे कार्ड वर्षातून दोनदा नवे करावे. रोश हशाना आणि पेसाख या तारखा लक्षात राहायला सोप्या.

आणि मूळ कॅसेटी टाकू नयेत. तिन्ही प्रती झाल्या, प्रत्येक प्रत शेवटपर्यंत ऐकून पाहिली, तरी डबा कपाटात राहू द्यावा. कोरड्या जागी, लोहचुंबक आणि मोठे स्पीकर यांच्यापासून दूर.

हे पान कात्रीने कापून संगणकाजवळ ठेवावे. वीज, कार्ड, केबल या क्रमाने पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रीतसर बंद करावा. ज्यांनी अजून दुसरी प्रत केलेली नाही, त्यांनी हा अंक खाली ठेवून ती आज रात्रीच करायला घ्यावी.